राणीछाप आहे, पण दुर्मिळ आहे का?

प्रश्न : आजी गेल्यावर तिची पेटी उघडली. नऊ चांदीचे रुपये निघाले. चार 1862 चे राणीछाप, चार 1918 चे आणि एक 1947 चा, वाघाचं चित्र असलेला. शिवाय ओंजळभर भोकाचे पैसे, रामदरबाराचा तांब्याचा एक जाड सिक्का, वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं, शेवटी 786 असलेली दहाची नोट आणि ट्रॅक्टरवाली पाचची नोट. मोबाईलवरच्या जाहिरातीत अशा नाण्यांना आठ लाख दाखवतात. फोन केला तर समोरचा म्हणतो, रिझर्व्ह बँकेच्या नोंदणीचे 2,150 रुपये आधी भरा. पेरणी तोंडावर आहे. भरू का? गावात कोणी म्हणतं हे सगळं दुर्मिळ आहे, कोणी म्हणतं नुसती हवा आहे. आणखी एक : मागच्या उन्हाळ्यात विहीर खोदताना मडक्यात काळी, बारीक नाणी निघाली, ती घरीच ठेवली आहेत. विकता येतील का?
एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, 2,150 रुपये भरू नका. "अर्धे आता, अर्धे नंतर" असंही नको. रिझर्व्ह बँक जुन्या नाण्या-नोटांचा व्यवहार करत नाही, त्यांची नोंदणी करत नाही आणि त्यासाठी कमिशन, कर किंवा फी मागत नाही. तिचंच नाव आणि बोधचिन्ह वापरून लोकांना गंडवणं सुरू झालं, म्हणून ऑगस्ट 2021 मध्ये बँकेला तसं जाहीर पत्रक काढावं लागलं. या धंद्याचा क्रम ठरलेला असतो. नोंदणी भरली की जीएसटी, जीएसटी भरला की कुरिअरचा विमा, मग "तुमचे आठ लाख होल्डवर आहेत, सोडवायला एवढे पाठवा". या सगळ्यात नाणं बघायला कोणी येत नाही, आणि खरं गिऱ्हाईक तर आधी नाणंच मागतं. त्या माणसाला आधारचा फोटो किंवा खात्याचा तपशील दिला असेल तर बँकेत जाऊन कळवा. पैसे गेलेच असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या तक्रार नंबरवर ताबडतोब फोन करा. जितकी लवकर तक्रार, तितकी ती रक्कम चोराने काढण्याआधी खात्यातच अडकवता येण्याची शक्यता जास्त.

आता दुर्मिळ की नुसती मागणी, ते बघू. नाणं दुर्मिळ म्हणजे आज त्या सालाचे, त्या टाकसाळीचे आणि त्या अवस्थेतले नग थोडेच उरलेत. मागणी म्हणजे ते घ्यायला खिशात हात घालणारे लोक किती. भाव या दोन्हींच्या ओढाताणीत ठरतो. जाहिराती मात्र मागणी दाखवतात आणि तिलाच दुर्मिळ म्हणतात. ओळखायची सोपी कसोटी आहे : एखाद्या विक्रेत्याला सांगा, मला याचे दहा नग हवेत. तो "संध्याकाळी पाठवतो" म्हणाला तर ते नाणं दुर्मिळ नाही, मग त्याने एकाचे कितीही मागोत. "एकच आहे, दुसरं कधी येईल सांगता येत नाही" असं दोन-तीन वेगवेगळ्या जाणत्या व्यापाऱ्यांकडून ऐकलंत, तर लक्ष द्यायला हरकत नाही.

तुमच्या पेटीतला खरा ऐवज म्हणजे कलदार, इंग्रजांच्या टाकसाळीत यंत्रावर पाडलेले चांदीचे रुपये. 1862 चं साल बघून माणूस हरखतो, पण हे साल फसवं आहे. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर 1862 हे एकच साल ठेवून टाकसाळींनी पुढे दहा-बारा वर्षं रुपये पाडले. साल बदललं नाही, फक्त मागच्या बाजूला बारीक ठिपक्यांची संख्या बदलत गेली. त्यामुळे 1862 चा रुपया हा राणीछापातला सगळ्यात सहज मिळणारा रुपया आहे. संग्राहक त्यात ठिपक्यांचे प्रकार शोधतात आणि काही प्रकार खरंच कमी सापडतात, तेव्हा भिंगाखाली तुमच्या चारही रुपयांचे ठिपके मोजून लिहून ठेवा.

1918 चा, पंचम जॉर्ज राजाचा रुपया तर याहून मुबलक. पहिल्या महायुद्धात सरकारला भारतात रुपयांची एवढी गरज पडली की अमेरिकेने 1918 मध्ये कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी ब्रिटनला विकली. त्या साली मुंबई आणि कलकत्ता मिळून 40 कोटींहून जास्त रुपये पाडले गेले. शंभर वर्षं जुना असूनही तो घरोघर निघतो याचं कारण हेच. पंचम जॉर्जच्याच रुपयांत 1911 चा वेगळा. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, बरेचसे रुपये बाहेर न काढता वितळवले आणि 1912 पासून हत्ती नीट कोरला. 1921 आणि 1922 चे रुपयेही आधीच्या वर्षांच्या मानाने कमी पडले. तुमच्यात यातलं काही नाही, पण नातेवाइकांकडे असेल तर साल नीट वाचून घ्या.

1947 चा वाघाचा रुपया चांदीचा नाही. तो निकेलचा आहे. वजन चांदीच्या रुपयाएवढंच, 11.66 ग्रॅम, म्हणून आजीच्या काळापासून तो चांदीत धरला गेला असणार. चुंबक लावून बघा, टपकन चिकटेल. साल पाहून चांदीचा हिशेब असा : 1862 ते 1939 पर्यंतचे रुपये 91.7 टक्के चांदीचे, म्हणजे प्रत्येकी सुमारे 10.69 ग्रॅम शुद्ध चांदी. 1940 ते 1945 चे निम्म्या चांदीचे, 5.83 ग्रॅम. 1947 चा निकेलचा. अधेली आणि पावलीचं वजन त्याच हिशेबाने अर्धं आणि पाव. तुमच्या आठ रुपयांत मिळून साधारण 85 ग्रॅम शुद्ध चांदी आहे. त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने गुणा. सराफ घट आणि आपला नफा धरून त्यातून काही कापेल. ही झाली तुमची तळाची किंमत. संग्राहकाने याच्यावर किती द्यायचं, एवढाच वाद उरतो.

मात्र ते खरे आहेत हे आधी बघा, कारण राणीछाप रुपयांच्या नकला बाजारात पोत्याने आहेत. 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा घ्या. वापरून घासलेला रुपया 11.4 ग्रॅमपर्यंत उतरलेला चालतो. 10 च्या आसपास भरला तर शंका घ्या. चुंबकाला चिकटला तर तो राणीछाप खोटा. पण न चिकटल्याने खरा ठरत नाही, कारण पितळ आणि जर्मन सिल्व्हरही (नावालाच सिल्व्हर, त्यात चांदी नसते) चिकटत नाहीत. तेव्हा पाण्याची परीक्षा करा. काट्यावर प्लास्टिकचा छोटा पेला ठेवून अर्धा पाण्याने भरा आणि काटा शून्यावर आणा. रुपयाला बारीक दोरा बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा लटकवा. तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका, नाहीतर रुपयाचंच वजन मोजलं जाईल. अंगाला बुडबुडे चिकटले तर हलकेच हलवून झटका. काटा 1.13 ग्रॅमच्या जवळपास दाखवेल तर धातू 91.7 टक्के चांदीचा आहे. 1940 ते 45 चा रुपया 1.22 च्या आसपास दाखवतो. पूर्ण वजनाचं पितळ किंवा जर्मन सिल्व्हर 1.3 च्या पुढे जातं. दोनदा-तीनदा मोजून सरासरी घ्या, दोऱ्यामुळे शेवटचा आकडा हलतो. नंतर पाणी फडक्याने टिपा, पुसू नका. एवढं झाल्यावर कडा बघा. ओतीव नकलेच्या कडेवर गोल फिरणारी सांध्याची रेघ दिसते, अक्षरं मऊ आणि फुगलेली असतात, मोकळ्या जागेत सुईने टोचल्यासारखे खळगे असतात. खरं नाणं ठशाने दाबून पाडलेलं असतं, त्याच्या अक्षरांना धार असते.

काही रुपयांना कडी डाग देऊन, म्हणजे वितळलेल्या धातूने जोडून, बसवलेली असते. माळेतले रुपये, बंजारा बायकांच्या दागिन्यांतले रुपये बहुतेक असेच. डागाचा ठिपका काढला तरी खूण राहते, आणि असा रुपया संग्राहक घेत नाही, घेतलाच तर चांदीच्या भावाने घेतो. तो दागिना म्हणून अखंड ठेवलेलाच बरा, रुपये सुटे करायला जाऊ नका.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं : चिंच, लिंबू, राखुंडी, पितांबरी, टूथपेस्ट, यातलं काहीही लावू नका. चांदीवर वर्षानुवर्षं चढलेला करडा-निळसर रंग हा मळ नाही, तो धातूचाच वरचा थर आहे आणि जाणता गिऱ्हाईक त्याचेच पैसे देतो. घासलं की तो जातो, सोबत राणीच्या केसांच्या बारीक रेघा जातात आणि अंगावर असंख्य ओरखडे उठतात. ते नुसत्या डोळ्याला दिसत नाहीत, भिंगाखाली मात्र लपत नाहीत. चकचकीत केलेल्या रुपयाला सराफाकडे काही कमी मिळणार नाही, संग्राहकाकडे मात्र निम्माही भाव येत नाही. हाताळताना दोन बोटांनी कडेला धरा. मऊ प्लास्टिकच्या, वास येणाऱ्या पाकिटांत ठेवू नका. त्या प्लास्टिकातून सुटणारं रसायन नाण्यावर हिरवं, चिकट होऊन बसतं. कागदाचं साधं पाकीट, एका पाकिटात एक नाणं, आणि डब्यात सिलिका जेलची पुडी पुरे. स्टेपलरची पिन पाकिटाला मारलीच तर तिची टोकं आतल्या नाण्याला लागणार नाहीत असं बघा. आपल्याकडे पावसाळ्यात दमट हवा तांब्याला लवकर धरते, तेव्हा भोकाचे पैसे चांदीसोबत एका पिशवीत ठेवू नका.

भोकाचे पैसे 1943 ते 1947 चे. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवायला मधून भोक पाडलं आणि तरीही कोट्यवधी पाडले. व्यापारी ते मोजून नाही, ओंजळीने घेतात. वाटलं तर पोरांना जुना पैसा दाखवायला ठेवा, विकायला नागपूरला नेण्याचा खर्च निघणार नाही. 25 पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली. चलनातून गेलं म्हणजे दुर्मिळ झालं असं नाही, ती घराघरांत डब्यांनी पडून आहेत. 1968 ते 1971 च्या कमळाच्या पितळी वीस पैशाची कथा तीच. त्याला लाखो मिळतात ही आवई कुठून उठली देव जाणे, पण दर दोन-तीन वर्षांनी ती परत येते.

वैष्णोदेवीचं नाणं श्राईन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवाचं, 2012 चं, पाच आणि दहा रुपयांचं. ते चलनासाठीच काढलेलं आहे. लोक श्रद्धेने देवघरात ठेवतात, म्हणून दर्शनी किमतीच्या काही पट मिळते. ही शुद्ध मागणी. दहा नगांची कसोटी लावा, शंभरही मिळतील. 786 च्या नोटेचा तर सरळ हिशेब करता येतो. नोटेवर सहा आकडी नंबर असतो, म्हणजे एका मालिकेत सुमारे दहा लाख नोटा. त्यात शेवटी 786 येणाऱ्या एक हजार आणि सुरुवातीला 786 असलेल्या आणखी एक हजार. अशा मालिका किती निघाल्या याचा अंदाज तुम्हीच करा. ज्याची श्रद्धा आहे तो थोडे जास्त देतो, त्यात वावगं काही नाही, पण आठ लाख कोणी देत नाही. ट्रॅक्टरची पाचची नोट आजही चलनात आहे, किराणा दुकानात चालते. "सालाखाली एच अक्षर असलेला 1985 चा रुपया" असाच गाजवला जातो. तेव्हा देशात सुट्या नाण्यांची टंचाई होती म्हणून बाहेरच्या टाकसाळींकडून नाणी पाडून आणली. एच ही बर्मिंगहॅमच्या टाकसाळीची खूण आहे. टंचाई भागवायला मागवलेली नाणी मूठभर कशी असतील? आपल्या टाकसाळींच्या खुणाही अशाच गोंधळात टाकतात : मुंबईची सालाखाली पत्त्यातल्या चौकटीसारखी खूण, हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका, कोलकात्याची खूणच नाही. तारा दिसला म्हणून नाणं भारी होत नाही.

रामदरबाराचा जाड सिक्का नाणं नाहीच. ईस्ट इंडिया कंपनीने राम, हनुमान किंवा लक्ष्मीचं नाणं कधीही काढलं नाही. 1616, 1717, 1818, 1839 अशी सालं आणि 'वन आना', 'हाफ आना' लिहिलेले हे पूजेचे सिक्के नंतरच्या काळात बाजारात विकायला पाडले गेले. देवघरात ठेवा. याच सिक्क्यांवरून पुढची फसवणूक निघते, ती म्हणजे 'राईस पुलर'. तांदूळ ओढणारं नाणं परदेशी कंपनी कोटींना घेते, आधी तपासणीचे पैसे भरा, असं सांगत गावोगाव टोळ्या फिरतात. तांदळाला आधीच लोखंडाचा कीस लावलेला असतो, सिक्क्यात चुंबक असतं, आणि खिसा रिकामा होतो तो तुमचा.

खरी दुर्मिळता कशी असते याचं एक उदाहरण द्यायचं तर सहावा जॉर्ज, 1939 चा चांदीचा रुपया. पुढच्याच वर्षी सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि 1939 चे फार थोडे उरले. आता त्याच्यामागे मागणीही आहे, म्हणून भाव चढा आहे आणि म्हणूनच नकलाही जास्त. 1938 च्या रुपयातल्या 8 चा 9 कोरलेले सर्रास मिळतात. दहापट भिंगाखाली 9 च्या पोटाची धार बाकीच्या आकड्यांशी जुळते का बघायचं. दुसरी बाजूही असते. नागपूरकर भोसल्यांच्या काळात मोगल बादशहाच्या नावाने पाडलेले रुपये आणि पैसे 1918 च्या कलदारापेक्षा कितीतरी कमी उरलेत. पण ठसा मोठा आणि धातूचा तुकडा लहान, त्यामुळे अक्षरं अर्धी कापलेली. ती वाचणारे थोडे, म्हणून मागणीही थोडी, आणि भाव राणीछापाच्या तोडीचा येईलच असं नाही. आपल्याच मातीतला दुर्मिळ माल मागणीअभावी स्वस्त पडून असतो, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

विकायचंच ठरवलं तर ऑनलाईन 'मागितलेला' भाव धरू नका. बाजार समितीत आपण कापसाला कोणी किती मागितले ते विचारत नाही, हर्रासात काय भावाने गेला ते विचारतो, तसं. मुंबई, बंगळूरूच्या नाणे लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर मागच्या लिलावांत प्रत्यक्ष लागलेल्या बोल्या दिसतात. तुमच्या सालाचं, तुमच्या टाकसाळीचं आणि तेवढंच घासलेलं नाणं शोधून ताडा. कोरं करकरीत 1918 आणि तुमचं घासलेलं 1918 यांच्या भावात अनेक पटींचं अंतर असतं. दोन नाणे व्यापारी आणि एक सराफ, अशा तिघांना दाखवा. नाणी एकाच्या हाती सोडून येऊ नका. शंभर वर्षांवरचं नाणं देशाबाहेर पाठवणं 1972 च्या पुरावस्तू कायद्याने खासगी माणसाला बंद आहे, तेव्हा परदेशी गिऱ्हाइकाच्या नादी लागू नका. पेरणीसाठी पैसे हवेतच असतील तर 1918 चे चार रुपये आधी द्या. त्यात संग्राहकाची वाट बघण्यासारखं काही नाही. 1862 च्या ठिपक्यांचा निकाल लागेपर्यंत ते राहू द्या.

विहिरीतल्या नाण्यांचं मात्र वेगळं आहे, आणि ती विकू नका. जमिनीत दडलेल्या, दहा रुपयांवर किमतीच्या कुठल्याही ऐवजाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी देणं 1878 च्या गुप्तधन कायद्याने बंधनकारक आहे. लपवलं तर सापडवणाऱ्याचा हक्क जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. कळवलं तर कायद्यात सापडवणारा आणि जमीनमालक यांच्या वाट्याची तरतूद आहे, आणि सरकारने ठेवून घेतलं तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मिळतो. रक्कम मोठी नसेल, पण उशीर झाला असला तरी आता स्वतःहून कळवणं हे उद्या कोणी तक्रार करण्यापेक्षा कधीही बरं. नाण्यांच्या एका बाजूला सोंड उचललेला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला अधिकच्या चिन्हाच्या चारी टोकांना चार गोल दिसत असतील, तर ती सातवाहनांची असण्याची शक्यता आहे. तुमच्या शेजारच्याच वाशीम जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला 1939 मध्ये अशा नाण्यांचा मोठा साठा निघाला होता, आणि सातवाहन राजांचा क्रम लावायला तो अभ्यासकांच्या कामी आला. कारण नाणी एकत्र आणि जागेसकट मिळाली. एकेक करून विकली असती तर ती नुसती काळी चकती राहिली असती.

अर्जात चारच गोष्टी लिहा : सापडल्याची तारीख, गट नंबर, किती फुटांवर निघाली, आणि नगांची संख्या व वजन. सोबत दोन्ही बाजूंचे फोटो जोडा, शेजारी सेंटिमीटरची पट्टी ठेवून काढलेले. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने, दोन प्रतींत, तहसील कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. नाणी धुऊ नका, माती लागलेली असेल तशीच कोरड्या कागदात ठेवा, आणि मडक्याच्या खापऱ्या अजून आवारात पडल्या असतील तर त्याही गोळा करून सोबत द्या.